सातशे यार्डांवरचा एल्क आणि काडतुसाची निवड

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली चौदा वर्षे कोलोरॅडोमधील फोर्ट कॉलिन्स येथे राहतो. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. माझे वय ४१, उंची पाच फूट सहा इंच आणि वजन ६४ किलो आहे. गेली दोन वर्षे मित्राच्या रायफलीने सरावाच्या मैदानावर नेमबाजी करतो आणि हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रमही पूर्ण केला आहे. नोव्हेंबरमधील तिसऱ्या रायफल हंगामासाठी एल्क या मोठ्या हरणाचा परवाना मिळाला असून आता स्वतःची रायफल घ्यायची आहे. कार्यालयातील एक सहकारी सांगतो की ७ मिमी पीआरसी किंवा .३०० विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसांशिवाय एल्कच्या वाटेला जाऊ नये. त्याने सातशे यार्डांवरून एल्क मारला आहे. ज्या मित्राच्या रायफलीने मी सराव करतो तो ६.५ क्रीडमूर हे काडतूस पुरे म्हणतो. पुढील वर्षी माझ्या पत्नीलाही याच रायफलीने शिकारीला यायचे आहे. मला सहाशे-सातशे यार्डांपर्यंत खात्रीने मारता येईल असे एकच काडतूस सुचवावे. पत्नीचा प्रश्न वेगळाच आहे. ती विचारते, जनावर जखमी होऊन निघून गेले तर आपण काय करायचे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात तीन काडतुसांची नावे आहेत आणि एक आकडा आहे. काडतुसांविषयी मी पुढे सविस्तर लिहिणारच आहे, पण आधी त्या सातशेच्या आकड्याविषयी बोलू द्या, कारण तो आकडा जसाच्या तसा मान्य करून मी तुम्हाला काडतूस सुचवले तर तो सल्ला चुकीचा ठरेल आणि त्याची किंमत तुम्हाला नव्हे, एका जनावराला मोजावी लागेल.

वयात आलेला नर एल्क सुमारे सातशे पौंडांचा, म्हणजे तीनशे किलोंच्या पुढचा असतो. एवढे मोठे अंग समोर दिसत असले तरी आपल्या कामाची जागा फार लहान असते. पुढच्या पायाच्या रेषेला लागून, छातीच्या खालच्या दोन तृतीयांशात, फुफ्फुसे आणि हृदय मिळून साधारण कणीक मळायच्या परातीएवढा भाग भरतो. गोळी तिथे बसली तर जनावर काही सेकंदांत कोसळते. त्या परातीच्या मागे यकृत आणि पोट आहे, खाली पाय आहे आणि वर मणक्याच्या लगतचे मांस आहे. यांपैकी कुठेही गोळी लागली तर जनावर चालत राहते, कधी कधी रात्रभर. म्हणून ‘किती यार्डांवरून मारता येईल’ याचा खरा अर्थ ‘किती यार्डांवरून, डोंगरात, थंडीत, धाप लागलेली असताना, पहिलीच गोळी मला त्या परातीत खात्रीने बसवता येईल’ असा होतो.

लोक सर्वांत आधी गोळी किती खाली येते याची चिंता करतात. ती चिंता आज बरीचशी मिटलेली आहे. मित्राच्या ६.५ क्रीडमूरमधून १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला २७०० फूट वेगाने सुटते असे धरू. रायफल दोनशे यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर बसेल अशी जुळवलेली असेल तर ती तीनशेवर सुमारे आठ इंच, पाचशेवर साडेतीन फूट आणि सातशेवर जवळपास नऊ फूट खाली येते. ऐकायला हे भयंकर वाटते. पण लेझरचा अंतरमापक अंतर अचूक सांगतो, तुमच्या गोळीचा तक्ता किती चढवायचे ते सांगतो आणि दुर्बिणीवरची कळ तेवढी फिरवली की झाले. गुरुत्वाकर्षण आज एक आणि उद्या दुसरे असे वागत नाही.

वाऱ्याचे तसे नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हीच गोळी तीनशे यार्डांवर सुमारे पाच इंच बाजूला नेतो आणि पाचशेवर सुमारे पंधरा इंच. अंतर दुपटीपेक्षाही कमी वाढले, पण चूक तिप्पट झाली. आता असे समजा, की वारा दहा मैलांचा आहे आणि तुम्ही तो पाच मैलांचा धरलात. अनुभवी माणसांचीही एवढी चूक सहज होते. तीनशेवर ती अडीच इंचांत भागते, म्हणजे गोळी परातीतच राहते; पाचशेवर मात्र ती साडेसात इंच सरकते आणि परातीच्या कडेला, म्हणजेच यकृताच्या आणि पोटाच्या दारात जाऊन थांबते. तुमच्या सहकाऱ्याने सुचविलेल्या ७ मिमी पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी पाचशेवर पंधराऐवजी दहा-अकरा इंच सरकते. फरक खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण वारा न ओळखता आल्याची चूक त्याने एक तृतीयांशाने कमी होते, नाहीशी होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. अकरा वर्षांपूर्वी, तुमच्याच तिसऱ्या हंगामात, राज्याच्या वायव्य भागातील एका दरीच्या काठावर मी पालथा पडून होतो. समोरच्या उतारावर ४८० यार्डांवर एक मादी एल्क एकटीच चरत होती. माझ्याजवळ .३०० विन्चेस्टर मॅग्नम होती, उन्हाळाभर सराव झालेला होता आणि माझ्या गालावर येणारा डावीकडचा मंद वारा मी नीट मोजलाही होता. दरीच्या मध्यावर मात्र वेगळेच चालले होते. सूर्य वर आला की डोंगरउतारावरची हवा तापून वर चढू लागते, आणि त्या दिवशी ती पलीकडच्या उतारावर माझ्या वाऱ्याच्या नेमकी उलट वाहत होती. गोळी सुटल्यावर मी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा पलीकडच्या बाजूचे वाळलेले गवत उजवीकडून डावीकडे झुकलेले होते. ते तिथे आधीपासूनच तसे झुकलेले होते. मी ते पाहिले नव्हते. मादी पाठ वाकवून दोन पावले चालली आणि फर वृक्षांत शिरली. बर्फावर एक रुपयाच्या नाण्याएवढा काळपट हिरवट डाग होता आणि त्यात चार आखूड, फिकट केस होते. असा डाग म्हणजे पोट. पुढचे काय झाले ते तुमच्या पत्नीच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगतो.

वाऱ्याखेरीज आणखी एक गोष्ट अंतराबरोबर वाढत जाते आणि तिच्यावर कोणतेही काडतूस पूर्ण उपाय करू शकत नाही. क्रीडमूरच्या गोळीला पाचशे यार्ड जायला पाऊण सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो आणि सातशे यार्डांना जवळपास एक सेकंद. तुम्ही चाप ओढलात तेव्हा जनावर स्थिर होते. तो एक सेकंद चरणाऱ्या जनावराला एक पाऊल पुढे टाकायला पुरेसा असतो. नेम बिनचूक, वारा बिनचूक, आणि तरीही गोळी फुफ्फुसांऐवजी पोटात. तुमच्या सहकाऱ्याचे जनावर सातशेवर पडले असेल, त्याबद्दल मला शंका नाही. मात्र एका वेळी साधले म्हणून ते प्रत्येक वेळी साधण्याजोगे ठरत नाही. अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लब ही थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेली संस्था शिकारीच्या नीतीविषयी गेली सव्वाशेहून अधिक वर्षे बोलत आली आहे, आणि तिने अतिदूरच्या नेमबाजीला उघड विरोध केला आहे. जनावराला आपली चाहूल लागण्याची कोणतीही शक्यताच ज्या अंतरावर उरत नाही तिथून केलेल्या शिकारीत न्याय्य पाठलाग राहत नाही, असे त्या विरोधाचे मूळ आहे, आणि मला ते पटते.

मग तुमचे अंतर किती? ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण ते कसे शोधायचे ते सांगू शकतो. सरावाच्या मैदानावरच्या सिमेंटच्या टेबलावर, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून काढलेले गट विसरून जा, कारण तसे टेबल डोंगरात नसते. आपल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत गोळ्या झाडाव्या लागतात. टीव्हीवर तो सामना पाहिला असेल तर एकाच निष्णात माणसाच्या हातातली तीच रायफल स्थिती बदलल्यावर किती वेगळी वागते हे तुमच्या लक्षात आले असेल. तुम्हीही तेच करून पाहा. दहा इंची कागदी ताटली लावा, शंभर मीटर धावून या, आणि धाप लागलेली असताना पाठपिशवीवर रायफल टेकवून पालथे पडून, नंतर काठीच्या आधाराने बसून आणि गुडघ्यावर, प्रत्येकी पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या ताटलीत बसतात आणि हे वेगवेगळ्या दिवशी, वाऱ्यातही, पुन्हापुन्हा होते, ते त्या स्थितीतले तुमचे अंतर. चार बसल्या आणि एक गेली तर ते तुमचे अंतर नव्हे. नॉर्वेत मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्या प्रत्येकाला दर वर्षी अशी परीक्षा द्यावी लागते : शंभर मीटरवर रेनडिअरच्या आकृतीवर पाच गोळ्या, आणि पाचही छातीच्या वर्तुळात. शंभर मीटर! पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारा देश दर वर्षी हे पुन्हा तपासतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन वर्षांच्या सरावानंतर तुमचे अंतर अडीचशे ते तीनशे यार्ड निघाले तर ते उत्तम समजा.

आता काडतुसांकडे वळू. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनारांच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. तेव्हा १४३ ग्रेनची गोळी सव्वानऊ ग्रॅमची झाली. दुकानातल्या खोक्यावर ठळकपणे छापलेली ऊर्जा नळीच्या तोंडाशी मोजलेली असते, आणि जनावर काही नळीच्या तोंडाशी उभे नसते. ६.५ क्रीडमूरची तिथली ऊर्जा सुमारे २३०० फूट-पाउंड, तर ७ मिमी पीआरसीची सुमारे ३५०० आणि .३०० विन्चेस्टर मॅग्नमचीही जवळपास तेवढीच. पाचशे यार्डांवर क्रीडमूरकडे तेराशेच्या आसपास उरते, बाकी दोघींकडे दोन हजारांच्या आसपास किंवा थोडे वर. एल्कसाठी दीड हजार फूट-पाउंड हवेत असा शिकाऱ्यांमध्ये जुना ठोकताळा आहे. तो ठोकताळाच आहे, नियम नव्हे. पण तो मानला तरी क्रीडमूरची ही गोळी चारशे यार्डांपर्यंत त्याच्या जवळ राहते, आणि थोडी अधिक मजबूत, म्हणून हवेत किंचित लवकर मंदावणारी गोळी घेतली तरी तीनशेपर्यंत. म्हणजे तुमचे स्वतःचे अंतर जिथे संपते तिथे मित्राचे काडतूस अजून संपलेले नसते.

६.५ मिमीची गोळी एल्कला अपुरी, हे विधान तुम्ही दुकानांत वारंवार ऐकाल. क्रीडमूर २००७ मध्ये बाजारात आले, त्यामुळे ते कालचे पोर वाटते. पण त्याच जाडीची गोळी झाडणारे ६.५×५५ स्वीडिश हे काडतूस १८९४ पासूनचे आहे, आणि स्वीडन-नॉर्वेतील शिकाऱ्यांनी त्याने शंभरहून अधिक वर्षे एल्कपेक्षाही मोठ्या असलेल्या मूस या हरणाची शिकार केली आहे. त्यांनी ती जंगलात, जवळून, लांब आणि जड गोळीने केली. कोलोरॅडोचा नियमही त्याच अंगाने जातो : एल्कसाठी गोळी किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे ०.२४ इंच जाडीची), किमान ८५ ग्रेनची, लागल्यावर पसरणारी आणि शंभर यार्डांवर किमान हजार फूट-पाउंड ऊर्जा बाळगणारी हवी. तुमच्या पत्रातली तिन्ही काडतुसे या कसोटीत आरामात बसतात.

काडतुसाच्या नावापेक्षा मी गोळीच्या बांधणीकडे जास्त लक्ष देईन. जॉन नॉस्लर हे १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीला गेले असता त्यांच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या कातडीवरच फुटल्या आणि आत पोहोचल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली; पुढचा भाग पसरतो, मागचा भाग भिंतीमुळे शाबूत राहून आत शिरत जातो. १९४८ पासून विकली जाणारी ती पार्टिशन गोळी आजही मिळते. त्यांचे काडतूस कमी शक्तीचे मुळीच नव्हते; अपुरी पडली होती ती गोळी. एल्कच्या खांद्याचे हाड जाड असते, म्हणून तुम्ही शिसे आणि तांब्याचे आवरण एकमेकांना जोडलेली, म्हणजे बाँडेड गोळी घ्या, किंवा पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याच्या गोळीचा आणखी एक फायदा असा की मांसात शिशाचे कण राहत नाहीत. ज्या घरात लहान मुले ते मांस खाणार आहेत तिथे मी हीच निवड करीन. मात्र एक पथ्य आहे. गोळी पसरायला लागताना तिचा वेग पुरेसा असावा लागतो. कठीण बांधणीच्या बहुतेक गोळ्यांना सेकंदाला सुमारे १८०० फूट लागतात, काही तांब्याच्या गोळ्यांना त्याहूनही जास्त. त्याखाली त्या पेन्सिलीसारखे भोक पाडून आरपार जातात आणि जनावर चालत राहते. त्यामुळे ‘किती दूर’ याचे काडतुसाच्या बाजूचे खरे उत्तर ऊर्जेच्या तक्त्यापेक्षा वेगाच्या तक्त्यात सापडते : तुमच्या गोळीचा वेग १८०० च्या वर, थोडी शिल्लक ठेवून, कुठपर्यंत टिकतो ते पाहा आणि त्याच्या पुढे जाऊ नका.

नवी काडतुसे जुन्यांपेक्षा कशात सरस आहेत, हेही थोडक्यात सांगतो, कारण विक्रेते त्याचे गूढ करून ठेवतात. .२७० विन्चेस्टर १९२५ चे, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चे आणि .३०० विन्चेस्टर मॅग्नम १९६३ चे. त्या काळच्या गोळ्या आखूड असत आणि गोळीला स्वतःभोवती फिरवणारा नळीतला पीळ त्यांना पुरेल एवढाच सैल ठेवलेला असे; .२७० मध्ये गोळी दहा इंचांत एक फेरा घेते. वारा कापायला लांब, निमुळती गोळी हवी आणि लांब गोळी स्थिर राहायला पीळ घट्ट हवा. क्रीडमूर आणि २०२२ मध्ये आलेली ७ मिमी पीआरसी यांच्या नळ्या आठ इंचांत एक फेरा देतात आणि त्यांच्या पुंगळीची रचनाही लांब गोळीला जागा राहील अशी आहे. याखेरीज त्यांत जादू नाही. घरात वडिलांची .२७० किंवा १९०६ पासूनची .३०-०६ असेल आणि ती अचूक असेल, तर तीनशे यार्डांच्या आत तिच्या जागी नवी रायफल घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही. तुमच्याकडे ती नाही, म्हणून प्रश्न.

आणि आता धक्क्याविषयी, जिथे तुमच्या पत्राचे उत्तर खरे तर ठरते. आठ पौंडांच्या रायफलीतून क्रीडमूरचा खांद्याला बसणारा धक्का बारा-तेरा फूट-पाउंडांचा असतो; .३०० विन्चेस्टर मॅग्नमचा त्याच्या दुप्पट, आणि ७ मिमी पीआरसीचा तिच्या थोडा खाली. डोंगरात वाहायला म्हणून रायफल सहा-साडेसहा पौंडांची घेतलीत तर हे आकडे आणखी वाढतात. चौसष्ट किलोंच्या माणसाला हा धक्का सोसत नाही असे मी म्हणत नाही. पाच गोळ्या सोसतील, दहा सोसतील. विसाव्या गोळीला शरीर आपल्याला न विचारता तयारी करू लागते. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. हे तपासायची एक साधी रीत आहे. मित्राला तुमच्या पाठीमागे रायफल भरायला सांगा, कधी खरे काडतूस, कधी सरावाचे पोकळ काडतूस, तुम्हाला न कळेल असे. पोकळ काडतुसावर चाप ओढताच नळीचे टोक खाली डुचमळले तर ती तुमची दचक आहे, आणि बार उडाल्यावर ती धक्क्यात लपून जात होती. मी .३०० वापरत असताना माझे टोक चांगले दोन इंच खाली जात असे, आणि तोवर मी स्वतःला पक्का नेमबाज समजत होतो. नळीच्या तोंडाला ब्रेक लावून धक्का कमी करता येतो, पण त्याचा आवाज कानांवर, आणि शेजारी पडलेल्या पत्नीच्या कानांवर, अतिशय क्रूर असतो. शिकारीच्या घाईत कानांवर संरक्षण चढवायचे राहून जाते. एक चुकलेली सकाळ आयुष्यभर कानात वाजत राहते.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. ६.५ क्रीडमूरच घ्या. दुर्बिणीसह आठ-साडेआठ पौंड भरेल अशी, दस्त्याची लांबी तुम्हा दोघांना जुळवून घेता येईल अशी रायफल पाहा. १४० ग्रेनच्या आसपासची बाँडेड गोळी वापरा. आणि या हंगामापुरती मर्यादा तीनशे यार्ड ठेवा, किंवा ताटली जे सांगेल ते, यांतले जे कमी असेल ते. ७ मिमी पीआरसीपेक्षा वाचलेले पैसे काडतुसांवर खर्च करा, कारण क्रीडमूरची काडतुसे स्वस्त मिळतात आणि सहज मिळतात. डोंगरातल्या लहान गावात, सामान हरवलेले असताना, दुकानाच्या फळीवर तीच दोन-चार जुनी नावे आणि क्रीडमूर सापडते. हंगामापूर्वी दोनशे गोळ्या झाडा, त्यांतल्या निम्म्या वाऱ्याच्या दिवशी. दोन-तीन वर्षांनी वारा वाचायला हात बसला, चारशे यार्डांवर ताटली सुटेनाशी झाली आणि तेव्हाही तुम्हाला ७ मिमी पीआरसी हवीशी वाटली, तर अवश्य घ्या. ते काडतूस उत्तम आहे आणि तोवर तुम्ही त्याच्या योग्यतेचे झालेले असाल. डोंगरात चारशेवर दिसलेले जनावर बहुधा दोनशेवर आणता येते. वाऱ्याची दिशा पाहायची, ओहोळाच्या पोटातून फिरून जायचे, जोडे जपून टाकायचे. कोकणात शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीत एकच बार असे. तो वाया गेला तर पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पार झालेले असे. त्यामुळे जवळ जाणे हेच त्या माणसांचे मुख्य कसब होते. ते कसब इथेही चालते.

कायद्याविषयी दोनच वाक्ये, कारण हे सदर एच-१बी व्हिसावरचे वाचकही वाचतात. तुम्ही नागरिक आहात, पण व्हिसावर राहणाऱ्यांना संघीय कायद्याने एरवी बंदूक बाळगण्यास मनाई आहे आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, तेव्हा त्यांनी मित्राची रायफल हातात घेण्यापूर्वीही वकिलाला विचारावे. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, म्हणून यातले काहीही गावाकडे नेऊ नये.

तुमच्या पत्नीचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याला सर्वांत शांतपणे उत्तर द्यायचे होते. बार झाल्यावर आनंदाने उठू नका. लगेच दुसरे काडतूस भरा, जनावर दिसत असेल आणि उभे असेल तर पुन्हा मारा. एल्क गोळी खाऊनही काही क्षण काहीच न झाल्यासारखा उभा राहतो. तो दिसेनासा झाला तर तो जिथे उभा होता आणि जिथे नाहीसा झाला, त्या दोन्ही जागांजवळची झाडे नीट लक्षात ठेवा, अंतर मोजून ठेवा आणि तुम्ही जिथून बार केला तिथे नारिंगी फीत बांधा. दरीपलीकडे गेल्यावर सगळे वेगळे दिसते. मग अर्धा तास बसा. तिथे पोहोचल्यावर रक्त पाहा : फेसाळ गुलाबी असेल तर फुफ्फुसे, आणि जनावर जवळच सापडेल, गडद तांबडे असेल तर यकृत, काही तास थांबा, हिरवट, दुर्गंधीचा डाग असेल तर पोट, आणि तेव्हा निदान सहा-आठ तास त्याला उठवू नका. घाईने मागे लागलात तर ते मैलभर पुढे जाईल आणि तुम्हाला कधीच मिळणार नाही. जखमी जनावराचा माग काढून त्याला मारण्याचा रास्त प्रयत्न करणे कोलोरॅडोत कायद्यानेही बंधनकारक आहे.

मी त्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो आणि मग हातापायांवर, फर वृक्षांखालून, थेंबामागून थेंब शोधत गेलो. चार वाजता बर्फ पडायला लागला आणि माग बुजला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी कावळे आणि मॅगपाय उडताना दिसले म्हणून एका ओहोळात उतरलो, तर तिथे कोल्ह्यांनी खाल्लेले दुसरेच, जुने हरीण होते. ती मादी मला मिळाली नाही. हंगामाचे चार दिवस उरले होते आणि एका जनावराचा परवाना खिशात कोरा होता, पण तो मी त्याच रात्री फाडला, कारण ते जनावर मी मारलेलेच होते. तुमच्या पत्नीला सांगा की आपल्या घरात हाच नियम असेल : जनावराला गोळी लागली की परवाना वापरला गेला, ते सापडो वा न सापडो. हे हंगामापूर्वी, स्वयंपाकघरात बसून, दोघांनी एकमेकांना सांगून ठेवा. मग समोरच्या उतारावर पाचशे यार्डांवर एल्क उभा राहील तेव्हा काय करायचे, याचा निर्णय तिथे घ्यावा लागणार नाही.